दर २१ दिवसांनी एक सुई

हृदयविकार म्हटला की पन्नाशीचा माणूस, छातीत कळ, अँजिओग्राफी आणि स्टेंट एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण मोठ्या सरकारी रुग्णालयात हृदयरोग विभागाबाहेर बसलेली माणसं नीट पाहावीत. त्यांत शाळेच्या गणवेशातली मुलगी असते, सहा महिन्यांची गरोदर बाई असते, जिना चढताना धाप लागते म्हणून काम सुटलेला तिशीतला मजूर असतो. यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा स्वच्छ असतात. बिघडलेली असते ती आतली झडप, आणि त्या बिघाडाची सुरुवात लहानपणी घशात झालेली असते.

या आजाराला ऱ्हुमॅटिक हृदयरोग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५.५ कोटी लोकांना तो आहे आणि दरवर्षी साडेतीन लाखांहून जास्त माणसं त्याने दगावतात. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला. पेनिसिलीन येण्याआधीच, घरांतली दाटी कमी होत गेली तसा तो तिथे ओसरू लागला होता. एका खोलीत सहा-सात जण झोपतात तिथे तो अजून ठाण मांडून आहे. ‘ऱ्हुमॅटिक’ या शब्दामुळे घरात गैरसमज होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो: आजीच्या गुडघेदुखीचा किंवा वाकड्या झालेल्या बोटांचा याच्याशी संबंध नाही.

आधी झडपेचं काम समजून घेऊ. हृदयाचे चार कप्पे असतात, वरचे दोन अलिंद आणि खालचे दोन निलय. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त डाव्या अलिंदात उतरतं, तिथून डाव्या निलयात जातं आणि निलय ते महाधमनीतून सगळ्या शरीराला पाठवतो. डाव्या अलिंद आणि निलयाच्या मधली झडप म्हणजे मायट्रल, शाळेच्या पुस्तकातली द्विदल झडप. तिच्या दोन पातळ पाकळ्या खालून दोऱ्यांनी बांधलेल्या असतात, नाहीतर वाऱ्यात छत्री उलटावी तशा त्या वर उलटल्या असत्या. झडपेला स्वतःची ताकद नसते. वरचा दाब वाढला की ती उघडते, खालचा वाढला की मिटते, आणि हे दिवसाला सुमारे एक लाख वेळा चालतं. ऱ्हुमॅटिक आजार सगळ्यात जास्त याच झडपेला धरतो, त्याखालोखाल महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला.

आता घसा. मुलांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो. नाक वाहतं, खोकला येतो, चार दिवसांत आपोआप बरं वाटतं, त्याला प्रतिजैविकांची गरज नसते. पण काही घसादुखी ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे होते. ५ ते १५ वर्षांचं मूल, एकाएकी चढलेला ताप, गिळताना दुखणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असं चित्र दिसलं तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. औषध साधं आहे: १० दिवस पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन, नाहीतर बेन्झाथिन पेनिसिलीनचं एकच इंजेक्शन. मुलाचं वजन २७ किलोपेक्षा कमी असेल तर ६ लाख युनिट, त्याहून जास्त असेल तर १२ लाख युनिट. घसा धरल्यापासून ९ दिवसांच्या आत हे सुरू झालं, तरी पुढचा ऱ्हुमॅटिक ताप, म्हणजे या हृदयरोगाची पहिली पायरी, टळू शकतो. गाडी अडते ती दहा दिवसांपाशी. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. जिवाणू मात्र घशातून पुरता गेलेला नसतो.

हा जिवाणू स्वतः हृदयात जात नाही. त्याच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या आणि सांध्यांतल्या प्रथिनांसारखी दिसतात. शरीराने जिवाणूला मारायला तयार केलेली प्रतिद्रव्यं आणि पेशी ओळखीत चुकतात आणि आपल्याच झडपेवर तुटून पडतात. हे व्हायला वेळ लागतो. म्हणून घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात, आणि या दोन गोष्टींची सांगड घरात कुणी घालत नाही. कित्येकांना तर घसा दुखल्याचं आठवतही नाही.

या सांधेदुखीची चाल ओळखण्यासारखी असते. आज उजवा गुडघा सुजतो, मूल पाय टेकत नाही; परवा गुडघा मोकळा आणि घोटा सुजलेला; मग कोपर, मग मनगट. वेदनाशामक दिलं की दोन दिवसांत दुखणं जादूसारखं थांबतं. घात होतो तो इथेच. दुखणं सांध्यातून सांध्यात फिरतंय हे दिसण्याआधीच गोळी दिली गेली, तर निदानाची सगळ्यात मोठी खूण पुसली जाते. सांधे पुढे पूर्ण बरे होतात, कुठलंही व्यंग राहत नाही, आणि घरचे निश्चिंत होतात. हा ताप सांध्यांना नुसता चाटतो आणि हृदयाला चावतो, असं वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं ते याचसाठी.

आणखी एक रूप आहे, ते पालकांनी आणि शिक्षकांनी माहीत करून घ्यायलाच हवं. मुलीचं, कारण मुलींमध्ये ते जास्त दिसतं, अक्षर अचानक बिघडतं. हातातून पेला निसटतो, चेहरा वेडावल्यासारखा हलतो, जीभ बाहेर काढून स्थिर ठेवता येत नाही, उगाच रडू येतं. वर्गात ‘नीट बस’ म्हणून ओरडा बसतो. याला कोरिया म्हणतात. तो घशाच्या आजारानंतर काही महिन्यांनीही उगवू शकतो, तेव्हा रक्ताचे अहवाल नॉर्मल असू शकतात. म्हणून कोरिया दिसला की अहवाल कसेही असोत, टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदय पाहायलाच हवं.

निदान १९४४ साली डकेट जोन्स यांनी मांडलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या निकषांवर होतं. हृदयाचा दाह, सुजलेले सांधे, कोरिया, त्वचेवरची कडेने लाल वलयं आणि त्वचेखालच्या गाठी या मुख्य खुणा; ताप, वाढलेला ईएसआर किंवा सीआरपी (रक्तातल्या दाहाच्या तपासण्या), ईसीजीतला बदल या दुय्यम; आणि सोबत अलीकडे स्ट्रेप्टोकॉकस होऊन गेल्याचा पुरावा. हा पुरावा म्हणजे एएसओ, म्हणजे रक्तातल्या स्ट्रेप्टोकॉकसविरोधी प्रतिद्रव्यांची तपासणी, आणि तिच्याबाबत फार गोंधळ चालतो. एएसओ वाढलेला असणं म्हणजे फक्त तो जिवाणू अलीकडे भेटून गेला. गावातल्या निम्म्या शाळेचा एएसओ एखाद्या मोसमात वाढलेला सापडू शकतो. केवळ त्या आकड्यावरून मुलाला वर्षानुवर्षं इंजेक्शनं सुरू करणं चूक आहे, आणि आकडा ‘नॉर्मल’ झाला म्हणून खऱ्या रुग्णाची इंजेक्शनं बंद करणं ही त्याहून मोठी चूक.

तापाच्या काळात ॲस्पिरिन किंवा नॅप्रोक्सेन देतात, हृदयाचा दाह जबर असेल तर स्टिरॉइड देतात. त्याने आराम पडतो, पण झडपेचं पुढचं नुकसान यांतल्या कशानेही टळतं असं सिद्ध झालेलं नाही. ते टाळणारी गोष्ट एकच, दर २१ दिवसांचं पेनिसिलीन.

कारण झडप सहसा एका तडाख्यात जात नाही. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा स्ट्रेप्टोकॉकस झाला, तर ताप उलटण्याची शक्यता मोठी असते, आणि दर खेपेला पाकळ्यांवर नवा व्रण उमटतो. म्हणून घशात तो जिवाणू पुन्हा रुजूच द्यायचा नाही. बेन्झाथिन पेनिसिलीन स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरतं. तिसरा आठवडा संपत आला की त्याचं प्रमाण कामापुरतं उरत नाही. त्यामुळे ‘महिन्यातून एकदा’ असं मोघम धरलं, तर दर महिन्याला आठवडा-दहा दिवस दार उघडं राहतं. २१ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला १७-१८ सुया होतात. मोठ्यांना १२ लाख युनिट, लहानांना वजनानुसार.

किती वर्षं? हृदय अजिबात धरलं नसेल तर ५ वर्षं किंवा वयाच्या २१पर्यंत, यांत जे नंतर येईल ते. हृदयाचा दाह होऊन झडप पूर्ण सुधारली असेल तर १० वर्षं किंवा २१पर्यंत. झडपेत दोष राहिला असेल तर १० वर्षं किंवा वयाच्या ४०पर्यंत, काहींना आयुष्यभर. वयाचे आकडे डॉक्टर थोडे मागेपुढे करतात, पण सुई थांबवायची की नाही हे त्यांनी एको पाहून ठरवायचं असतं. झडपेची शस्त्रक्रिया झाली म्हणून ती बंद होत नाही, कारण बाकीच्या झडपा तिथेच असतात.

ही सुई दुखते, हे कबूल केलं पाहिजे. औषध दुधासारखं दाट असतं, त्यात बारीक कण असतात, त्यामुळे बारीक सुई तुंबते. कुपीत पाणी घातल्यावर ती नीट हलवावी लागते, भरल्याबरोबर टोचावं लागतं, कुल्ल्याच्या किंवा मांडीच्या स्नायूत खोलवर आणि न थांबता. औषध फ्रिजमधून काढून लगेच न टोचता खोलीच्या तापमानाला येऊ दिलं, थोडं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलं, नंतर पाय हलता ठेवला, की दुखणं बरंच कमी होतं. रिॲक्शनच्या भीतीने अनेक दवाखाने हे इंजेक्शन द्यायला नाही म्हणतात. गंभीर ॲलर्जी क्वचित होते, पण होते. म्हणून टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं आणि अशा ॲलर्जीवरचं ॲड्रेनलिन हाताशी ठेवणं ही तयारी हवी. मोठ्या माणसाला ॲड्रेनलिन ०.५ मिली मांडीच्या स्नायूत देतात. एक अपवाद ध्यानात ठेवावा. ज्यांची झडप फारच बिघडली आहे, बसल्या जागी धाप लागते किंवा हृदयाची ताकद कमी झाली आहे, त्यांना सुईनंतर भोवळ येऊन धोका होऊ शकतो. अशांना पेनिसिलीनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा देणं बरं, असा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये दिला.

सुई खरंच उपयोगी पडते का, याचं उत्तर युगांडातल्या एका अभ्यासात मिळालं. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच त्रास नसलेल्या, पण एकोमध्ये झडपेचा दोष नुकता दिसू लागलेल्या ८१८ मुलांपैकी निम्म्यांना दर २८ दिवसांनी पेनिसिलीन दिलं. दोन वर्षांत सुई न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार पुढे सरकला, सुई घेणाऱ्यांपैकी फक्त ०.८ टक्के मुलांचा.

सुया चुकल्या की पुढे काय होतं ते पाहू. वारंवार सुजलेल्या पाकळ्या जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटतात, खालच्या दोऱ्या आखडतात. लहान वयात बहुधा झडप गळते, रक्त मागे फिरतं. पुढे तोंड आकसत जातं आणि झडप माशाच्या तोंडासारखी दिसू लागते. निरोगी मायट्रलचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते १.५ किंवा त्याखाली आलं की आजार गंभीर मानतात. वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं, तो फुगतो, मागचा दाब फुप्फुसांत चढतो. म्हणून आधी चढावर धाप, मग उताणं झोपलं की धाप, रात्री उठून बसावं लागणं, कधी थुंकीतून रक्त. थुंकीत रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला संशय क्षयावर जातो. थुंकी निर्दोष निघाली, तर छातीला स्टेथोस्कोप लावून हृदय ऐकायलाच हवं.

नाडी जलद झाली की हा रुग्ण एकदम का बिघडतो, यामागे साधं गणित आहे. झडप फक्त हृदय सैल पडतं तेव्हा उघडी असते. मिनिटाला ७० ठोके असतील तर दर ठोक्यात ती अंदाजे अर्धा सेकंद उघडी राहते. १२० ठोक्यांना हा वेळ ०.२ सेकंदावर येतो. अरुंद दारातून तेवढ्या वेळात रक्त उतरत नाही. म्हणून ताप, रक्तक्षय, थायरॉइड, धावपळ यांतलं काहीही निमित्त पुरतं, आणि म्हणूनच ठोके मंद करणाऱ्या गोळ्या इथे कामी येतात. गरोदरपणात तर रक्ताचं आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि ठोकेही वाढतात. तोवर कधी तक्रार नसलेल्या मुलीला सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा धाप लागते, आणि सासर-माहेर दोन्हीकडे ‘दिवस भरत आले की असं होतंच’ म्हणून सोडून दिलं जातं. सगळ्यात धोक्याची वेळ बाळंतपणानंतर लगेचची, कारण गर्भाशय आकसतो आणि तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं.

फुगलेल्या अलिंदात ठोके अनियमित होतात, रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूकडे सुटून पक्षाघात होतो. तरुण माणसाला लकवा मारला तर त्यामागे अशी झडप असू शकते.

एकोचा अहवाल हातात आला की बहुतेकजण ‘ईएफ ६० टक्के’ (ईएफ म्हणजे खालचा डावा कप्पा दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतो त्याचं प्रमाण) वाचून सुस्कारा सोडतात. मायट्रल आकसली असताना ईएफ सहसा चांगलाच असतो, कारण खालच्या कप्प्याची ताकद शाबूत असते. इथे पाहायचं ते एमव्हीए म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ, एमआर म्हणजे गळती, फुप्फुसातला दाब, आणि अलिंदात गुठळी आहे की नाही.

आकसलेलं तोंड उघडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न लंडनमध्ये १९२५ साली हेन्री सूटर यांनी केला, धडधडत्या हृदयात चक्क बोट घालून. १९४८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्कन यांनी ती वाट पुढे नेली. १९८२ मध्ये जपानच्या कांजी इनोऊए यांनी छाती न उघडता फुगा वापरला, आणि आज योग्य रुग्णात हाच पहिला उपाय आहे.

जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या अलिंदात नेतात. दोन अलिंदांमधला पडदा एका जागी पातळ असतो, तिथे लांब सुईने भोक पाडून डावीकडे शिरतात. जागा चुकली तर रक्त हृदयाच्या पिशवीत साठून जिवावर बेततं, म्हणून कस लागतो तो इथे. मग मिटलेला फुगा झडपेतून खाली नेतात. तो आधी पुढून फुगतो, त्याला मागे ओढून झडपेत अडकवतात, मग मागची बाजू फुगते आणि शेवटी मधली कंबर. चिकटलेल्या कडा तेव्हा सुटतात. फुगा पूर्ण फुगलेला राहतो तो मोजके सेकंद, कारण तेवढा वेळ रक्ताची वाट बंद असते. त्याचं माप उंचीवरून काढतात: सेंटिमीटरमधली उंची भागिले १०, अधिक १०. म्हणजे १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईला २५ मिलिमीटर. सुरुवात त्याहून लहान मापाने करून पायरीपायरीने वाढवतात. एकदम मोठा फुगवला तर पाकळी फाटून जबर गळती होते आणि तातडीने झडप बदलावी लागते.

फुगा सगळ्यांना चालत नाही. अलिंदात गुठळी असेल तर आधी रक्त पातळ करून ती विरघळू द्यावी लागते. गळती जास्त असेल तर फुगा नकोच. पाकळ्यांची लवचीकता, जाडी, त्यांत साठलेला चुना आणि खालच्या दोऱ्यांची अवस्था यांना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. १६ पैकी ८ किंवा कमी गुण असतील तर फळ चांगलं मिळतं. तोंड बहुधा दुप्पट होतं आणि काही वर्षं नीट जातात, पण हा कायमचा इलाज नाही. पुढे झडप पुन्हा आकसू शकते.

फुगा चालणार नसेल तर शस्त्रक्रिया. जमेल तिथे झडप दुरुस्त करणं चांगलं. न जमल्यास बदलणं. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप साधारण १० ते १५ वर्षं टिकते, तरुण वयात त्याहूनही कमी. धातूची झडप आयुष्यभर टिकू शकते, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. परदेशी झडपा परवडत नव्हत्या तेव्हा तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार झाली. ती पहिल्यांदा डिसेंबर १९९० मध्ये माणसाला बसवली आणि आजवर लाखाहून अधिक बसवल्या गेल्या आहेत. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र कुटुंबांना झडपेच्या उपचारांचा खर्च मिळतो.

धातूची झडप बसल्यावर खरी मेहनत सुरू होते. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही गोळी रोज एकाच वेळी घ्यायची आणि ठरल्या तारखेला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, तपासायचा. मायट्रलच्या जागी झडप असेल तर तो २.५ ते ३.५ हवा. खाली गेला तर झडप अडकते, वर गेला तर रक्तस्राव. मेथी, पालक, कोथिंबीर सोडायची गरज नाही. रोज साधारण सारखी खावी, एक आठवडा भरपूर आणि दुसरा आठवडा काहीच नाही, असं करू नये. अंगदुखीसाठी ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. मेट्रोनिडाझोल आणि फ्लुकोनाझोलने आयएनआर चढतो, क्षयाच्या रिफॅम्पिसिनने उतरतो. नव्या, तपासणी न लागणाऱ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या इथे चालत नाहीत. धातूची झडप नसलेल्या, पण ऱ्हुमॅटिक आजारामुळे ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही जुनीच गोळी सरस ठरली. दिवस राहण्याचा विचार असेल तर तो आधी डॉक्टरांना सांगावा, कारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिनने बाळात व्यंग येऊ शकतं. दात काढायचा असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नये, आणि दंतवैद्याला झडपेबद्दल सांगावं. झडपेवर जंतू बसू नयेत म्हणून मोठ्या माणसाला तासभर आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलीन देतात. झडपेचा रोजचा टिकटिक आवाज अचानक दबला आणि धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. ताप चार दिवसांत उतरला नाही, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवायला सांगावं, नाहीतर झडपेवरचा जंतू ओळखता येत नाही.

शाळेत वर्षातून एकदा येणारं तपासणी पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला, आणि त्याच्या आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवावं. पथकाने पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नये. आणि ज्यांच्या घरात सुई चालू आहे त्यांनी इंजेक्शनच्या तारखांचं कार्ड आणि शेवटचा एको प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवावा. बीडहून ऊसतोडीला निघालेलं कुटुंब दिवाळीनंतर पाच-सहा महिने फडावर असतं, तेवढ्यात आठ सुया येतात. कार्ड सोबत असलं तर कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मुलाला काय आहे हे नव्याने सांगत बसावं लागत नाही, आणि नववी सुई गावी परतल्यावर वेळेवर घेता येते.